हजार लिटरची टाकी आणि आमचे पत्रे

घर पूर्ण झालं, कपाटं बसली, पडदे लागले. तपासणीला आलेला माणूस मात्र आधी मागच्या दारी गेला. पावसाच्या पाण्याची टाकी आहे का, छपराचं पाणी तिच्यात उतरतं का, तिथून संडासाच्या फ्लशला पाइप गेलाय का, एवढंच त्याला बघायचं होतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात २००६ पासून नव्या घराला नळाशिवाय पाण्याची दुसरी सोय लागते. त्यासाठी हजार लिटरची टाकी बसवतात. खर्च आपला. मला याचा फार राग आला आणि तो बरेच दिवस टिकला.

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातली. आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीच्या घमेल्यात जायचं, अंघोळीचं केळीला. रात्री टँकर आला की आई सगळ्यात आधी मला उठवायची, कारण गर्दीतून वाट काढून पाइप टिपाडात घालणं मला जमायचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी शहरात नोकरीला होते. पाणी भरायच्या जागांवर जमावबंदी लागलेली मी पाहिली आहे. मला पाणी जपायला शिकवणारे हे कोण, असंच वाटायचं. थोडं अजूनही वाटतं.

मग एकदा आकडे काढले. आम्ही राहतो त्या अॅडलेडला वर्षाला सरासरी ५३० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लातूरला सातशेच्या पुढे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई राहतात. त्यांच्या अंगणात पन्हाळी पत्र्याची मोठी गोल टाकी आहे आणि चहाला त्या तिचंच पाणी घेतात. मी चिडलेली आहे हे ओळखून त्या एका सकाळी पाना घेऊन आल्या. छपराच्या नळीला एक आडवळणाचा उभा पाइप जोडलेला असतो. पहिल्या सरीचं पाणी त्यात अडकतं, तो भरला की पुढचं टाकीत जातं. त्यांनी त्याचं खालचं बूच फिरवलं. चहाच्या चोथ्यासारखा काळा गाळ, निलगिरीची पानं आणि पक्ष्यांची विष्ठा भस्सकन माझ्या चपलांवर आली. "हे तुझ्या टाकीत गेलं असतं," त्या म्हणाल्या. टाकीच्या तोंडाची आणि सांडव्याची डासांची जाळी त्यांनी बोट फिरवून तपासली. मला गावची उघडी टिपाडं आठवली, आणि दर पावसाळ्यातले डेंग्यूचे ताप.

टाकी किती मोठी घ्यायची, याचं गणितही त्यांच्याच ओट्यावर बसून कळलं. पाऊस किती पडतो यापेक्षा दोन पावसांत अंतर किती, हे आधी बघायचं. सिडनीत बाराही महिने थोडाफार पाऊस असतो, तिथं लहान टाकी पुन्हा पुन्हा भरते. डार्विनला १७०० मिलीमीटर पडतो, पण मे ते सप्टेंबर जवळजवळ कोरडे, म्हणून तिथं मोठीच लागते. पावसाच्या बाबतीत डार्विन आपल्या मराठवाड्याचं भावंड आहे. इथं अॅडलेडमागच्या डोंगरात वणवे लागतात, तिथं प्लास्टिक वितळतं. लोखंडी किंवा काँक्रीटची घेतात आणि आगीसाठी तळातलं पाणी राखून ठेवतात.

"त्यांना जमतं, मग आपल्याला का नाही" असं कुणी म्हटलं की मात्र मला पटत नाही. इथला पाऊस थंडीत, हळूहळू, पुष्कळ दिवसांत वाटून पडतो. आपला चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवशी कोसळतो आणि मध्येच तीन आठवडे तोंड दाखवत नाही. पाण्याला कंटाळून मी गाव सोडलं असं नातेवाईक बोलतात, तेही खरं नाही. मी नोकरीसाठी आले.

पण पत्रे डोळ्यांपुढून हलत नाहीत. किल्लारीच्या भूकंपाआधी आमचं माळवद होतं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. त्याच्या पन्हाळातून गढूळ पाणी यायचं, ते धरून काय करणार? १९९३ नंतर पत्रे आले. तेव्हापासून दर पावसाळ्यात पागोळ्यांनी अंगणात खड्ड्यांची सरळ ओळ पडते. लहानपणी मी त्यात चिंचोके ठेवायची.

परवा गावाकडं अण्णांना व्हिडिओ कॉलवर पत्रे मोजायला लावले. तीस बाय तीस फूट, म्हणजे ८४ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. सातशे धरले आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी ४७ हजार लिटर. बारा हजारी टँकर जवळजवळ चार.

"एवढी मोठी टाकी कुठं मावंल, बाई?" अण्णा म्हणाले.

एवढी नकोच. दोघांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला वीस लिटर धरू. कोरडे आठ महिने, वर मृग लांबला तर आणखी एक, म्हणजे २७० दिवस. ५४०० लिटर. सहा हजारांची पुरते, ती परतीच्या पावसात भरून घ्यायची. काळी प्लास्टिकची नको, एप्रिल-मे मध्ये दुपारी तिचं पाणी हाताला चटका देतं. जमिनीतली तर मुळीच नको. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि टाकीला तडा जातो. फेरोसिमेंटची, म्हणजे तारेच्या जाळीवर सिमेंट थापलेली, मुरमावर दगडी ओटा करून, लिंबाच्या सावलीत. पानांसाठी पन्हाळाला जाळी.

"अन् परतीचा पाऊस धरायचा म्हनतीस, तर तवर टाकी रिकामीच ठिवायची का?"

नाही अण्णा, पावसाळाभर वापरायचं, ती भरत राहील. पोळा झाला की हात आखडायचा, दसऱ्याला काठोकाठ भरलेली पाहिजे.

मृगाला दहा दिवस राहिलेत. गवंडी सोमवारी येतो म्हणालाय. अण्णांनी ओट्याच्या जागेवर आजच चुन्याची फक्की टाकून फोटो पाठवला. फोटोत मागे पागोळ्यांच्या खड्ड्यांची ओळ दिसते.