तेलकट त्वचेचं सीरम: रेसिपी स्थिरावली, आता अझेलिक

तेलकट त्वचेसाठी घरी बनवते त्या सीरमची रेसिपी आता बऱ्यापैकी स्थिरावली आहे. पावसाळ्यापासून मी तिच्यात नवं काही घातलेलं नाही, उलट काढतच आलेय. ग्रीन टीचा अर्क गेला, गुलाबपाणी गेलं. कुंडीतल्या कोरफडीचा गर तर त्याआधीच गेला होता. १०० ग्रॅमच्या हिशेबात उरलं ते असं: नायसिनामाइड (ब३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) ५, एन-असिटिल ग्लुकोसामाइन २, झिंक पीसीए (जस्ताचा क्षार) अर्धा, ग्लिसरीन ४, प्रोपेनडायॉल ३, पॅन्थेनॉल १, अलँटॉइन ०.२, झँथन गम (घट्टपणा आणणारा डिंक) ०.३, प्रिझर्व्हेटिव्ह (जंतूंना रोखणारा घटक) ०.९ आणि बाकीचं ८३.१ डिस्टिल्ड वॉटर. सगळं वजनावर, चमच्याच्या मापाने काही नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा नसेल तर आधी तो घ्या, पावडरी नंतर. आणि पाणी म्हणजे गॅरेजमधलं बॅटरीचं पाणी नव्हे. ते बॅटरीसाठीच असतं.

जेलसाठी कार्बोमर (पाण्याचं जेल करणारी पावडर) का नाही, असं बरेच जण विचारतात. कार्बोमरचं जेल दिसायला काचेसारखं, लावायलाही छान, पण क्षार त्याला मानवत नाहीत. झिंक पीसीए पडलं की घट्ट जेल डोळ्यांदेखत ताकासारखं पातळ होतं. झँथन क्षार बऱ्यापैकी सोसतो. त्याची खोड वेगळी: थेट पाण्यावर भुरभुरला तर गुठळ्या होतात, बाहेरून ओल्या आणि आत कोरडी पावडर, मग कितीही घोटा. म्हणून आधी ग्लिसरीनमध्ये तो कालवून घ्यायचा आणि ती पेस्ट पाण्यात सोडून अर्धा तास विसरून जायचं. तेवढ्या वेळात तो आपोआप फुलतो. शेंबडासारखी तार येते ती ०.३ च्या पुढे गेल्यावर. ०.२ वर तार नाही, पण ड्रॉपरमधून गालावर घेतलं की हनुवटीपर्यंत ओघळतं. मी ०.३ वरच थांबलेय.

पीएच (आम्लता मोजायचं माप) ५.५ ते ६ च्या दरम्यान ठेवतेय. नायसिनामाइडला तिथेच बरं वाटतं. फार आम्लात, त्यातून उष्णता लागली तर, त्याचं हळूहळू निकोटिनिक ॲसिड होतं आणि मग चेहरा लालबुंद होऊन चरचरतो. म्हणूनच सॅलिसिलिक ॲसिड याच बाटलीत घालायच्या फंदात पडले नाही. त्याला पीएच ३ ते ४ लागतो, शिवाय ते साध्या पाण्यात धड विरघळतही नाही. सॅलिसिलिक हवं तर बाजारचा फेसवॉश आहेच, संध्याकाळी वापरावा आणि विषय संपवावा. पीएच पट्टीच्या रंगावरून ५ आणि ६ मधला फरक माझ्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून मीटर. तोही दर बॅचआधी ४ आणि ७ पीएचच्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) बुडवून जुळवायचा.

प्रिझर्व्हेटिव्ह वगळून ‘फ्रीजमध्ये ठेवते की’ म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही, फक्त त्यांचं सीरम लावून घेत नाही. फ्रीजमध्ये जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. बाटली स्वच्छ दिसते म्हणून आतही सगळं स्वच्छ, असं नसतं. फुटलेल्या पिंपलवर असलं पाणी लावायचं म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

आता चेहऱ्याकडे. वापरणारी मुख्यतः भाची, डोंबिवलीहून रोज लोकलने कॉलेजला जाणारी. ‘मावशी, दादर येईपर्यंत नाक चमकत नाही आता,’ हा तिचा अहवाल. तेलकटपणातला फरक काही आठवड्यांत कळतो. डागांचं तसं नाही. मुरुम बसल्यावर राहिलेला तपकिरी डाग हा वरच्या थरांत साठलेल्या रंगाचा असतो. नायसिनामाइड रंग बनणं थांबवत नाही, बनलेला रंग वरच्या पेशींकडे जाताना त्याला अडवतं. आधी पोचलेला रंग त्वचेच्या आपल्या गतीनेच झडणार, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत त्याला महिने लागतात. दोन आठवड्यांत डाग घालवणारं मलम कुणी दिलं तर त्यात स्टिरॉइड तर नाही ना, हे आधी पाहावं. २०१८ मध्ये ही मलमं चिठ्ठीवरच विकायचा नियम झाला, तरी शेजारच्या काकूंच्या कपाटातून ती फिरत असतातच. गालाच्या हाडांवर दोन्हीकडे सारखे पसरलेले डाग म्हणजे बहुधा वांग. ते मुरुमांचे डाग नव्हेत, त्यांच्यासाठी त्वचारोगतज्ज्ञच गाठावा.

सनस्क्रीन मात्र विकतचंच. झिंक ऑक्साइड आणून घरी कालवलं तर पांढरं क्रीम होतं, पण त्याचा एसपीएफ मोजायला आपल्याकडे काही नाही. डागवाल्यांनी रंग असलेलं सनस्क्रीन घ्यावं, त्यातलं आयर्न ऑक्साइड दिसणारा प्रकाशही अडवतं. आणि लिंबू, तेवढं सरबतात घाला. त्याचा रस पीएच २ च्या आसपास, वर साल-रसातल्या घटकांवर ऊन पडलं तर फोड येऊन नवेच डाग उठतात.

सध्या ओट्यावर १० टक्क्यांचं अझेलिक ॲसिड आहे. मुरुम आणि डाग दोन्हींवर काम करणारं, पण हाताळायला महाहट्टी. पाण्यात जेमतेम विरघळतं. तापवून विरघळवलं तर गार होताना सुयांसारखे स्फटिक धरतं आणि गालावर बारीक वाळू चोळल्यासारखं लागतं. म्हणून विरघळवायचा नाद सोडून ते तरंगतंच ठेवतेय: बारीक दळलेली पावडर, खलात थोडं प्रोपेनडायॉल घालून चंदनासारखी उगाळायची, बोटांच्या चिमटीत कण लागेनासा झाला की झँथनच्या जेलमध्ये. लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं खाज येते, ती अझेलिकची ओळखीची सवय. खरी अडचण वेगळीच आहे. वरून सनस्क्रीन चोळलं की खोडरबरासारख्या वळ्या निघतात. झँथन ०.२ वर आणून पाहिला, वळ्या कमी झाल्या, पण दोन दिवसांत पावडर तळाला बसली. पुढच्या बॅचमध्ये झँथन ०.२ च ठेवून सोबत थोडा स्क्लेरोशियम गम (झँथनसारखाच दुसरा डिंक) घालणार आहे. भाचीला ते तूर्तास फक्त रात्री, आणि आधी कानामागे लावून बघितल्यावरच.