तुम्ही विचारलंत म्हणून: जजेसची यादी मी का पाठवत नाही

इथे इलिनॉयमध्ये जजही मतदारच निवडतात, म्हणून निवडणुकीच्या आधी, ऑक्टोबर लागला की मेसेज सुरू होतात. ‘बॅलटवरचं, म्हणजे मतपत्रिकेवरचं, वरचं सगळं भरून झालं, खाली ही साठ-सत्तर जजेसची रांग आहे, कुणाला हो म्हणायचं? तुझी यादी पाठव ना.’ शॉमबर्गहून येतात, स्कोकीहून येतात, शिकागो शहरातून येतात. नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: तू एवढं वाचतेस, मग यादी द्यायला तुझं काय जातं? एकदा सगळं सांगूनच टाकते.

नेपरव्हिलकरांनी आधी एक लक्षात घ्यावं. शिकागो ज्या कुक काउंटीत येतं, तिच्यात तुम्ही नाही. ड्यूपेज काउंटीचं सर्किट, म्हणजे कोर्टाचा विभाग, १८ वं, विल काउंटीचं १२ वं. कुकच्या सर्किट जजेसची यादी तुमच्याकडे फॉरवर्ड झाली, तर त्यातलं एकही नाव तुमच्या बॅलटवर सापडणार नाही. कुकमध्येसुद्धा आता २० सब-सर्किटं, म्हणजे जज निवडण्याचे छोटे मतदारसंघ, आहेत. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मावशींचं प्रायमरीचं, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाचं, बॅलट तुमच्यापेक्षा वेगळं असू शकतं.

हे कारण मी बरेचदा पुढे करते, कारण त्यावर कुणी वाद घालत नाही. खरं कारण वेगळं आहे. तुम्ही मला नोव्हेंबरच्या निवडणुकीच्या तोंडावर विचारता, आणि तोवर बराचसा निकाल लागलेला असतो. रिटेन्शनचा, म्हणजे असलेल्या जजला पदावर ठेवायचं की नाही हा प्रश्न नोव्हेंबरचा, हे मान्य. पण नवा जज कोण होणार हे कुकमधल्या बहुतेक जागांसाठी मार्चच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीतच ठरतं. समोर रिपब्लिकन उमेदवार नसतोच, किंवा असून नसल्यासारखा असतो. मार्चमध्ये मात्र मला कुणी काही विचारत नाही.

२०१६ मध्ये काय झालं ते आठवून पाहा. पहिल्या सब-सर्किटमधून, म्हणजे शहराचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेली उपनगरं, मुख्य न्यायाधीशांच्या कार्यालयातल्या एक लॉ क्लार्क मार्चची प्रायमरी जिंकल्या. नोव्हेंबरमध्ये विरोधात कुणीच नव्हतं, म्हणजे जागा हातात आल्यासारखीच. ऑगस्टमध्ये मार्कहॅमच्या कोर्टात तिथल्या पदावर असलेल्या जजनी आपला काळा झगा या बाईंना दिला, खुर्चीत बसवलं, आणि त्यांनी ट्रॅफिक तिकिटांची काही प्रकरणं चालवली. अजून निवडून यायच्या होत्या, शपथ व्हायची होती. तिकिटं होती म्हणून ही किरकोळ गोष्ट समजू नका. त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या माणसाला वाटलं की आपण जजसमोर उभे आहोत. ती प्रकरणं पुन्हा चालवावी लागली. बाईंची नोकरी गेली आणि त्यांच्यावर फौजदारी आरोप ठेवले गेले. ३१ ऑक्टोबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची वकिलीची सनद निलंबित केली आणि निवडून आल्या तरी शपथ घेता येणार नाही, असा आदेश दिला.

तरीही बॅलटवर नाव तेच राहिलं. त्याविरुद्ध राइट-इन मोहीम झाली. राइट-इन म्हणजे मतदाराने नाव स्वतः लिहायचं आणि शेजारचा गोलही भरायचा, शिवाय त्या उमेदवाराने आधी रीतसर नोंदणी केलेली असली तरच ते मत मोजतात. छापील नावापुढे हे किती टिकणार? नोव्हेंबरमध्ये त्या बाई निवडून आल्या. ज्यांना खुर्चीत बसायलाच मनाई होती, त्यांना लोकांनी निवडून दिलं. हे लोक अडाणी होते का? मुळीच नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी आलेला आदेश नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात किती घरांत पोचणार, आणि अनेकांनी तर आधीच मत टाकलेलं असणार. ज्यांनी कुणाकडून तरी मिळालेली यादी खिशात ठेवली होती, त्यांचंही यापेक्षा वेगळं झालं नसतं. यादी एका तारखेला बनते आणि तिथेच थांबते. ती कशावरून केली, कधी केली, हे तिसऱ्या फॉरवर्डनंतर कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून मी पाठवत नाही.

मार्चला जायला आपली माणसं का कचरतात तेही मला माहीत आहे. प्रायमरीत पक्षाचं बॅलट मागावं लागतं आणि कुठल्या पक्षाचं घेतलं याची नोंद सार्वजनिक असते. मत कुणाला दिलं ते मात्र गुप्तच राहतं. तुम्हाला ही नोंद खटकत असेल तर तुमचा मुद्दा खोटा म्हणता येणार नाही. फक्त त्याची किंमत काय ते माहीत असू द्या.

आता रिटेन्शन. पूर्वी मी ठामपणे सांगायचे, माहिती नसेल तर कोरं सोडा, प्रामाणिकपणा तोच. आता तेवढ्या ठामपणे सांगवत नाही. जजला टिकायला त्या प्रश्नावर पडलेल्या मतांपैकी ६० टक्के ‘हो’ लागतात, आणि कोरं सोडलेलं मत हिशेबात येतच नाही. १०० ‘नाही’ना तोलायला १५० ‘हो’ लागतात, म्हणजे वाचून दिलेलं एक ‘नाही’ दीड मताइतकं जड असतं. तुम्ही कोरं सोडलंत की मैदान उरतं ते सवयीने सगळ्यांना ‘हो’ म्हणणाऱ्यांना आणि रागाने सगळ्यांना ‘नाही’ म्हणणाऱ्यांना. सवयीच्या या ‘हो’मुळेच १९९० नंतर २०१८ पर्यंत कुकमध्ये एकही जज रिटेन्शनला पडला नाही. २०१८ मध्ये मॅथ्यू कॉग्लन पडले, २०२० मध्ये जॅकी पोर्टमन-ब्राउन. तेव्हा ‘आमच्या मताने काय होतंय’ हे आता म्हणू नका. पण न वाचता गोल रंगवणाऱ्यापेक्षा कोरं सोडणारा बरा, हेही मला अजून वाटतं. या दोन्हींची सांगड मला घालता आलेली नाही.

यादीऐवजी पद्धत देते. शहरात राहत असाल तर शिकागोच्या निवडणूक मंडळाच्या साइटवर, उपनगरात असाल तर काउंटी क्लर्कच्या साइटवर पत्ता टाकून सॅम्पल बॅलट काढा. रिटेन्शनची नावं आणि लढतीच्या जागा वेगळ्या करा, कारण दोन्हींना प्रश्न वेगळे विचारायचे असतात. मग बार असोसिएशन्सच्या, म्हणजे वकिलांच्या संघटनांच्या, शेऱ्यांचा तक्ता उघडा: शिकागो बार असोसिएशन, शिकागो कौन्सिल ऑफ लॉयर्स, इलिनॉय स्टेट बार, आणि त्यांच्यासोबत महिला, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, आशियाई वकिलांच्या संघटना. बहुतेक जजेसच्या ओळीत सगळीकडे चांगलाच शेरा दिसेल. तिथे वेळ घालवू नका. ज्या मोजक्या ओळींत शेरे फाटतात, तेवढ्याच वाचायच्या.

इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. ‘नॉट रेकमेंडेड’ (शिफारस नाही) या शेऱ्याचे अर्थ दोन. एक, तपासणी झाली आणि उमेदवार कमी पडला. दुसरा, उमेदवाराने तपासणीला नकारच दिला, तर शिकागो बार तोच शेरा देते. तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात, खुलासा खाली असतो. नकार देणारा खुर्चीत बसलेला जज असेल तर मी ते गंभीर मानते. त्याच्या कोर्टात रोज उभ्या राहणाऱ्या वकिलांचं मत ऐकूच येऊ नये असं त्याला का वाटावं? कौन्सिल ऑफ लॉयर्स शेऱ्यासोबत परिच्छेदही लिहिते, तो शेऱ्याहून जास्त सांगतो. कायद्याचं ज्ञान चांगलं पण वकील नसलेल्या माणसावर डाफरतात, वेळेवर कोर्टात बसत नाहीत, निकाल लांबवतात, अशा गोष्टी तिथे कळतात. त्या वाचताना तो जज कुठल्या विभागात बसतो तेही पाहा. डाफरणं कुठेच चांगलं नाही, पण घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याच्या कोर्टात ज्युरी नसते आणि बऱ्याच लोकांना वकील परवडत नाही. तिथे जजचा स्वभाव म्हणजेच निम्मा न्याय.

लढतीच्या जागांसाठी इलिनॉयच्या वकील नोंदणी व शिस्तपालन आयोगाच्या साइटवर उमेदवाराचं नाव टाका. सनद कधीची, शिस्तभंगाची जाहीर कारवाई झाली का, आणि आधीचं नाव काय होतं, हे तिथे दिसतं. नाव कशाला बघायचं, असं विचारणाऱ्यांसाठी: कुकमध्ये आयरिश वाटणाऱ्या नावांना मतं जास्त पडतात, हे इथल्या प्रत्येक राजकारण्याला माहीत आहे. नाव बदलून तीन वर्षं व्हायच्या आत उभं राहिलं तर बॅलटवर जुनं नावही छापावं लागतं. तीन वर्षं उलटली की बंधन संपलं. वायव्य उपनगरांतल्या १३ व्या सब-सर्किटमधून, जिकडे आपली पुष्कळ मंडळी राहतात, २०१८ मध्ये शॅनन ओमॅली निवडून आले. २०१२ पर्यंत त्यांचं नाव फिलिप स्पायवॅक होतं. नाव बदलणं हा गुन्हा नाही, आणि त्यावरून त्यांचं काम मी जोखत नाही. तुम्ही मात्र नुसतं नाव पाहून गोल भरत असाल, तर नेमकं काय पाहून भरलात ते तपासा.

पैसा पाहायचा तर राज्याच्या निवडणूक मंडळाकडे एक हजार डॉलर आणि त्यावरच्या देणग्या काही दिवसांत जाहीर कराव्या लागतात. देणाऱ्यांत कुठल्या लॉ फर्म्स आहेत, स्वतःच स्वतःला किती कर्ज दिलंय, एवढं बघितलं तरी पुरे.

‘वकिलांनीच वकिलांना दिलेले गुण, त्यावर काय विश्वास ठेवायचा?’ हा आक्षेप मला खोडता येत नाही. वकील बड्या जजला दुखवायला कचरतात. म्हणूनच एका संघटनेवर न थांबता दहा-बारा पाहायच्या. पक्षाचं कार्ड, म्हणजे कुणाला मत द्यायचं याची पक्षाने दिलेली यादी, हा त्याला पर्याय नाही. २०२० मध्ये रिटेन्शनला आलेले जज मायकेल टूमिन यांना वकील संघटनांचा पाठिंबा होता आणि काउंटीच्या डेमोक्रॅटिक पक्षाने मात्र त्यांना ‘नाही’ म्हणा असं सांगितलं. मतदारांनी त्यांना राखलं. पक्षाचं चुकलं असं तुम्ही म्हणाल, दुसरा म्हणेल की मतदारांचं चुकलं. माझी यादी असती तर तिथे काय लिहिलं असतं, हे मला सांगायचं नाही. कारण मग तुम्ही तेवढंच लक्षात ठेवाल.

बॅलट पोस्टाने मागवा. टेबलावर पसरून, शेजारी तक्ता उघडून भरता येतं. केंद्रावर जाणार असाल तर नावं कागदावर लिहून न्या, त्याला परवानगी आहे. आणि एखाद्या नावापाशी खरोखर अडलात, परिच्छेद वाचूनही उलगडा झाला नाही, तर त्या एका नावासाठी मला फोन करा. मार्चमध्ये केलात तर जास्त बरं.