स्थिर पाण्याचे काल्पनिक विचलन

सांगली, विश्रामबाग. मे महिन्यातला मंगळवार, रात्र.

आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पातळीच्या ज्या तासागणिक नोंदी होतात, त्यांच्यावर आमचा छोटा गट चालवत असलेला प्रोग्रॅम ‘जे’ या भाषेत लिहिलेला आहे. एपीएल या आधीच्या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी १९७९ साली ट्युरिंग पुरस्कार मिळवणाऱ्या केनेथ आयव्हरसन यांनी रॉजर हुई यांच्या साथीने १९९० मध्ये ती आकाराला आणली. या भाषेत एकेका आकड्यावरून फिरणारे लूप क्वचितच लिहावे लागतात. दिवस आणि तास यांचा अख्खा तक्ता (अ‍ॅरे) एकाच क्रियेच्या हवाली करता येतो. आमचा प्रोग्रॅम दर दिवसाच्या २४ नोंदींचे प्रमाण विचलन, म्हणजे नोंदी सरासरीपासून किती पसरल्या आहेत त्याचे माप, काढतो आणि त्यांतले सर्वांत मोठे निवडून नदी कोणत्या दिवशी सर्वाधिक हलली ते सांगतो. पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे ज्या शहरात लहान मुलांनाही ठाऊक आहे आणि ज्याने २०१९ मध्ये ५७ फूट पाहिले, तिथे या आकड्यावर कुणीतरी विसंबणार आहे. म्हणून तो बिनचूक असावा, असे मला मनापासून वाटते.

पावसाळ्यातल्या नोंदींवर हा प्रोग्रॅम कधी अडला नव्हता. उन्हाळ्यातल्या नोंदी दिल्या आणि तो ‘डोमेन एरर’ (या क्रियेला न चालणारी संख्या मिळाली) म्हणून थांबला, तेही सर्वांत मोठी संख्या निवडण्याच्या पायरीवर, जिथे चुकण्यासारखे काहीच नाही. जे भाषेतले वाक्य उजवीकडून डावीकडे सोडवले जाते आणि चूक दाखवताना ते वाक्य कुठपर्यंत सुटले होते ते मधल्या मोकळ्या जागेने कळते. ही सोय मोठी आहे; पण तिच्यातून गाडी कुठे थांबली एवढेच समजते, रूळ कुठे उखडले होते ते समजत नाही.

अ‍ॅरेच्या भाषेत पहिला संशय आकारावर, म्हणजे तक्त्यातल्या ओळी आणि स्तंभ यांच्या संख्येवर, घ्यावा, असा माझा शिरस्ता आहे. दिवसांच्या ऐवजी तासांच्या दिशेने सरासरी निघाली, तर उत्तर चुकीचे असूनही प्रोग्रॅम निमूटपणे पुढे जातो, आणि तक्ता चौरस असेल तर ते आकार पाहूनही लक्षात येत नाही. त्यामुळे मी तपासणीला नेहमी ३ दिवस आणि ५ तास असा वेगवेगळ्या मापांचा तक्ता देतो. आज आकार पहिल्या फटक्यात बरोबर निघाले आणि तो संशय मिटला.

मग वाक्य तोडले आणि सर्वांत मोठी संख्या निवडण्याआधीची यादीच छापून पाहिली. बहुतेक दिवसांपुढे साधे दशांश होते. एका दिवसापुढे मात्र संमिश्र संख्या, म्हणजे उणे १ च्या वर्गमूळाचा अंश असलेली संख्या, होती: वास्तव भाग शून्य आणि काल्पनिक भाग ०.०००००७६२९३९. संमिश्र संख्यांमध्ये लहानमोठे ठरवता येत नाही, म्हणून निवडीची पायरी अडली होती. बऱ्याच भाषा ऋण संख्येचे वर्गमूळ मागितले की चूक दाखवतात किंवा ‘संख्या नव्हे’ असे चिन्ह परत देतात. जे मात्र गणिताशी प्रामाणिक राहून संमिश्र उत्तर देते आणि काम चालू ठेवते. त्या दिवसाच्या मूळ नोंदी काढल्या, तर चोवीस तास पातळी जागची हलली नव्हती. बंधाऱ्यामागे अडलेल्या उन्हाळ्यातल्या पाण्याच्या बाबतीत हे स्वाभाविक आहे. स्थापत्य विभागातल्या मॅडम शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “सर, पाणी हललंच नाही, तर विचलन शून्य यायला हवं. मग हा आकडा आला कुठून?”

प्रश्न अगदी नेमका होता आणि त्याचे उत्तर त्या आकड्यातच होते. १ ला १,३१,०७२ ने भागले की ०.०००००७६२९३९ हेच अंक मिळतात आणि १,३१,०७२ म्हणजे २ चा १७ वा घात. म्हणजे वर्गमूळ काढण्यापूर्वीची संख्या उणे १ भागिले २ चा ३४ वा घात, इतकी होती. मोजमापातून आलेली संख्या इतकी नेटकी नसते; दोनाचा नेमका घात दिसला की तो यंत्राच्या अंकगणितातून आला, असे मी धरून चालतो. नोंदी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत आहेत, सुमारे ५३० मीटर. त्यांचा वर्ग दोन लाख ऐंशी हजारांच्या घरात जातो. संगणकात दशांश संख्या कशा साठवाव्यात हे ठरवणाऱ्या १९८५ च्या आयट्रिपलई ७५४ मानकातल्या ६४ बिटी मांडणीत या टापूतल्या दोन लगतच्या संख्यांमधले अंतर नेमके १ भागिले २ चा ३४ वा घात इतकेच असते. प्रोग्रॅममधले सूत्र पाठ्यपुस्तकातले होते: वर्गांची सरासरी काढा आणि तिच्यातून सरासरीचा वर्ग वजा करा. दोन प्रचंड आणि जवळपास सारख्या संख्यांच्या वजाबाकीत शेवटच्या बिटाची गोलाई, म्हणजे संख्या साठवता येईल अशा जवळच्या संख्येवर आणताना पडलेला फरक, तेवढी उरली आणि ती ऋण बाजूला पडली.

यातला एक भाग सविस्तर लिहून ठेवण्याजोगा आहे, कारण तिथे सावध माणूसही फसू शकतो. त्या दोन संख्या समान आहेत का, असे भाषेला विचारले तर ती ‘होय’ म्हणते. जे भाषेतली तुलना मुळातच सहिष्णू आहे. दोन संख्यांमधला फरक त्यांच्या आकाराच्या मानाने २ च्या उणे ४४ व्या घाताहून कमी असेल, तर ती त्यांना एकच मानते. वजाबाकीला मात्र अशी सवलत नाही. शिवाय ही सहिष्णुता सापेक्ष असल्यामुळे शून्याशी केलेली तुलना काटेकोर राहते. त्यामुळे ‘अ आणि ब समान आहेत’ आणि ‘अ वजा ब शून्य नाही’ ही दोन्ही उत्तरे एकाच वेळी पडद्यावर दिसतात आणि दोन्ही नियमाला धरूनच असतात. आयव्हरसन यांच्या परंपरेतली ही सहिष्णु तुलना मला आजही योग्यच वाटते. पण डीबग करताना, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक शोधताना, सहिष्णुता शून्यावर आणावी आणि छपाई पूर्ण अंकांची करावी, हा नियम मी आता आमच्या वहीत घालून ठेवला आहे.

प्रचरण, म्हणजे वर्गमूळ काढण्यापूर्वीची संख्या, ऋण आले तर त्याच्या जागी शून्य धरावे, असा एक सोपा उपाय गटात सुचवला गेला. मी त्याला ठाम नकार दिला. त्याने प्रोग्रॅम थांबायचा बंद झाला असता, पण हीच गोलाई धन बाजूला पडली असती तेव्हाचे खोटे विचलन तसेच राहिले असते. ६४ बिटांत ते मीटरच्या लाखाव्या भागाहूनही लहान आहे, हे खरे. उद्या कुणी जागा वाचवण्यासाठी याच नोंदी ३२ बिटांत साठवल्या आणि हिशेबही तिथेच केला, तर त्याच टापूत लगतच्या संख्यांमधले अंतर १ भागिले ३२ होते आणि त्याचे वर्गमूळ येते सुमारे १८ सेंटिमीटर. शांत पाणी दिवसभर १८ सेंटिमीटर डोलत होते, असे सांगणारा तक्ता मला या शहरात कुणाच्याही हाती द्यायचा नाही.

खरी दुरुस्ती एका वाक्याची निघाली. आधी प्रत्येक नोंदीतून त्या दिवसाची सरासरी वजा करायची, मग वर्ग करायचे आणि त्यांची सरासरी काढायची. वर्गांची बेरीज ऋण होऊच शकत नाही, आणि वजाबाकी वर्ग करण्यापूर्वी, लहान संख्यांवर होते. सरासरीत शेवटच्या बिटाची चूक राहिली, तरी तिचा वर्ग नगण्य असतो. नोंदी एकेक करून येत असतील आणि दोनदा फिरणे परवडत नसेल, तर १९६२ ची वेलफर्ड यांची पद्धत आहे. आमचा तक्ता सगळा एकदमच हाती असल्याने तिची गरज पडली नाही.

संध्याकाळी तपासणीच्या फाइलमध्ये ५३० मीटरांच्या आसपासच्या, दिवसभर न बदलणाऱ्या नोंदींचे बरेच नमुने घातले, कारण गोलाई कोणत्या बाजूला पडेल हे आकड्यागणिक बदलते. जुन्या सूत्राने त्यांतले काही संमिश्र ठरतात, नव्याने एकही नाही. पावसाळ्यातल्या नोंदींवर दोन्ही सूत्रांची उत्तरे आम्हाला लागतात तितक्या अंकांपर्यंत जुळली. त्यामुळे आधी दिलेले तक्ते मागे घ्यावे लागणार नाहीत. मॅडमना पुलाच्या वरच्या अंगाच्या नोंदीही याच प्रोग्रॅममधून काढायच्या आहेत. त्या फुटांत आहेत, त्यामुळे एककांची तपासणी उद्या सकाळी सर्वांत आधी करायची आहे.