खिडकीचं हँडल

रविवार, रात्री साडेदहा

शेवटी आज केबिनच्या खिडकीचं काम झालं. गेल्या पावसाळ्यापासून हँडल नुसतं गरागरा फिरायचं, पल्ला हलायचाच नाही, मग आप्पा भर पावसात बाहेर जाऊन हातानं ढकलून लावायचे आणि आत येऊन सुतळीनं बांधायचे. सत्तरीतल्या माणसाला असं भिजताना बघवत नव्हतं मला.

केबिन म्हणजे आमचं चाकावरचं घर. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरजवळच्या चिखलीतलं घर पाण्यात गेलं, त्यानंतर आप्पांनी ही रोडच्या साईटवरची जुनी केबिन घेतली, पाणी चढायला लागलं की ट्रॅक्टरला जोडायची आणि उंचावरच्या सोनतळीला न्यायची. २०२१ च्या जुलैत नेली पण. खिडक्यांना बिजागरी वरच्या बाजूला, खालून बाहेर उघडतात, त्यामुळं पाऊस असला तरी थोडी उघडी ठेवता येते, पण आतून मच्छरजाळी असल्यानं हात बाहेर जात नाही, म्हणजे सगळा भार हँडलवर.

हँडलचं मशीन, म्हणजे हँडल फिरवलं की पल्ला ढकलणारा गियरचा डबा, काढताना तीनातला एक स्क्रू गंजून बसलेला, रात्रभर डिझेल सोडून ठेवलं तेव्हा सुटला. तयार मशीन कुठं मिळेना म्हणून गुरुवारी उद्यमनगरात नेलं. मिस्त्रीमामांनी उघडून ग्रीस पुसलं आणि दाखवलं, वर्म म्हणजे हँडलसोबत फिरून गियरला फिरवणारा आट्यांचा दांडा, तो स्टीलचा, त्याला काही झालं नव्हतं, गियर मात्र जस्ताच्या कास्टिंगचं, मऊ, त्याचे दात गेलेले. तेही सगळे नाही, एका टोकाचे चार-पाचच, पार पात्यासारखे झालेले. मामा म्हणाले, "उघडताना न्हाई गेलं ह्ये. खिडकी बसल्यावर बी कोणतरी जोर लावून आवळतंय."

कोण ते मला लगेच कळलं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की आप्पांना झोप नसते, रात्री तीनतीनदा उठतात, मोबाईलवर आकडा बघतात आणि हँडलला अजून अर्धा वेढा देतात. ४३ च्या धोका पातळीला तर विचारूच नका.

मामांनी पितळेचं गियर कापून दिलं. तिथं मशीनजवळ उभं राहून बघताना मला सिनेमावाले बाबूराव पेंटर आठवले, ह्याच कोल्हापुरात १९१८ ला त्यांनी मूव्ही कॅमेरा स्वतः बनवला, तोही हँडल फिरवूनच चालायचा. वस्तू मिळत नाही म्हणून आमच्या गावात कोण अडून बसत नाही, याचा मला खरंच अभिमान वाटतो.

आज बसवताना अजून एक लक्षात आलं. चौकटीचं रबर वाळून दगड झालेलं, त्यातनं पाणी आत यायचं, म्हणून आप्पा आवळत होते बिचारे. त्यांना उगाच बोललो असतो. नुसतं गियर बदलून भागलं नसतं, तेही दात वर्षा-दोन वर्षांत गेले असते, म्हणून रबर पण नवीन लावलं.

मग आप्पांना म्हटलं, तुम्हीच फिरवा. हळूहळू फिरवत आणलं, पल्ला रबराला टेकला तिथं थांबले, माझ्याकडं बघून म्हणाले, "बास?"

"बास, आप्पा."

बाहेर रिपरिप चालू आहे, पाणी अजून ३९ च्या बरंच खाली आहे. आप्पा खिडकी चार बोटं उघडी ठेवून झोपलेत.