आमची वाटचाल: नारळपाणी ते नॅनोसेल्युलोज

आम्ही नॅनोसेल्युलोज, म्हणजे सेल्युलोजचे अतिसूक्ष्म कण आणि तंतू, बनवतो. सुरुवात ओल्या सेल्युलोज शीटपासून झाली. कोमागाटाइबॅक्टर झायलिनस हा जिवाणू साखर खाऊन द्रवाच्या पृष्ठभागावर सेल्युलोजचा थर विणतो. त्यात लिग्निन नाही, हेमिसेल्युलोज नाही. लाकडात सेल्युलोजसोबत हे दोन्ही असतात; लाकडापासून निघालात तर आधी ते काढण्यातच निम्मी शक्ती जाते.

आमचं माध्यम पक्क्या नारळाचं पाणी. लिटरला 80 ते 100 ग्रॅम साखर, 5 ग्रॅम अमोनियम सल्फेट. उकळून गार केलं की अ‍ॅसेटिक आम्लाने पीएच 4.5 वर आणायचा आणि दहा टक्के जिवाणूचं विरजण घालायचं. तापमान 28 ते 30 अंश. आठ-दहा दिवस ट्रेला हात लावायचा नाही. धक्का बसला की थर बुडतो, वर दुसरा धरतो, आणि शीट पापुद्र्यांसारखी सुटते. चिलटांसाठी कापड घट्ट बांधा, झाकण नको. जिवाणूला हवा लागते.

मग अर्धा नॉर्मल (लिटरला 20 ग्रॅम) कॉस्टिक सोडा, 80 ते 90 अंश, तासभर. पिवळट थर पांढरा होतो. धुण्यात कसूर नको: आत अल्कली उरली तर पुढच्या आम्लाचं प्रमाण बिघडतं.

नॅनोस्फटिक (सेल्युलोजचे काडीसारखे सूक्ष्म कण) करायचे तर 64 टक्के सल्फ्युरिक आम्ल, 45 अंश, पाऊण तास, आणि लगेच दहापट थंड पाण्यात ओतायचं. वेळ लांबली की माल काळवंडतो. सल्फेट गट चिकटल्याने कण एकमेकांना दूर ढकलतात, गाळ बसत नाही. पण उष्णता सोसण्याची ताकद मात्र घटते. खरी डोकेदुखी सांडपाण्याची. एक किलो सुक्या सेल्युलोजला साधारण 17 किलो शुद्ध आम्ल जातं. ते चुन्याने मारलं की तीसेक किलो जिप्सम! छोट्या युनिटला हे परवडत नाही, म्हणून आम्ही नॅनोतंतूंकडे वळलो.

तंतूंसाठी टेम्पो (TEMPO, ऑक्सिडीकरणाचा उत्प्रेरक), सोडियम ब्रोमाइड आणि हायपोक्लोराइट (ब्लीचमधलं रसायन). पीएच 10 वर धरायला थेंबथेंब कॉस्टिक. कॉस्टिकची मागणी थांबली की क्रिया संपली. थोडं इथेनॉल घालून उरलेला हायपोक्लोराइट मारायचा. होमोजिनायझरआधी (जास्त दाबाने अरुंद फटीतून ढकलून तंतू सुटे करणारं यंत्र) मिक्सरमध्ये बारीक करा, नाहीतर लांब तंतूंच्या गुंत्याने व्हॉल्व्ह तुंबतो.

माल एक टक्का जेल म्हणूनच जातो. वाळवला की तंतू घट्ट चिकटतात आणि पाण्यात पूर्ववत सुटत नाहीत. त्यामुळे भाव विचारताना जेलमध्ये घन सेल्युलोज किती टक्के, हे आधी विचारा.