पावतीच्या तळाशी छापलेली ओळ

चार दिवसांपूर्वी आईसाठी घेतलेला मिक्सर घेऊन आज सांगलीच्या बाजारपेठेतील त्याच दुकानात पुन्हा गेलो. बटण दाबताच जळका वास येतो आणि भांड्याच्या बुडातून पाणी झिरपते, हे मी काउंटरवरच चालवून दाखवले; तरीही दुकानदाराने पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीवर बोट ठेवले. ही ओळ आपण इतकी वर्षे निमूटपणे मान्य करत आलो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू परत घेण्यास आणि पावतीत नमूद केलेल्या मुदतीत, मुदत नमूद नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती न देणे हीसुद्धा. हे सारे शांतपणे सांगून मी लेखी तक्रार दिली, पण तिची पोच मिळाली नाही. मग घरी येऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे तोड निघाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि दाद मागण्यास २ वर्षांची मुदत आहे. पावती आईने देवघरातल्या डब्यात जपून ठेवली आहे.