वाफ पाच मिनिटांची, जागरण दोन तासांचं

सोमवार

मार्च लागला आणि आमची सकाळची शाळा सुरू झाली. आता पाचला उठावंच लागतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईला याचं नवल नाही, पण यंदा मला हे पाचला उठणं हवंहवंसं वाटतंय. ते का, हे नीट लिहून ठेवावं म्हणून वही काढली.

दिवाळीपासून रात्री अडीच-तीनला जाग येते. पाळी जायच्या वयात येते ती ही वाफ: छातीतून एकदम कढ वर चढतो, मान आणि कानशिलं तापतात, पाठ ओली होते, गाऊन अंगाला चिकटतो. पाचेक मिनिटांत सगळं ओसरतं आणि मग थंडी वाजायला लागते. एवढ्यावर भागलं असतं तर तक्रार नव्हती. पण वाफ निघून गेली तरी डोळ्याला डोळा लागत नाही. निकालपत्रकं, लेकीच्या वसतिगृहाची फी, आईचं गुडघ्याचं दुखणं, सगळं एकामागून एक डोक्यात येत राहतं आणि साडेचार होतात.

डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत एक गोष्ट सांगितली. वाफ वेगळी आणि त्यानंतरचं जागरण वेगळं, दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा. वाफ येते ती मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्रामुळे. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन कमी झालं की हे केंद्र फार हळवं होतं. एरवी शरीराचं तापमान जरा वरखाली झालं तरी त्याला चालतं, आता किंचित वाढलं तरी ते घाबरून कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतं आणि घाम काढतं. प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही कमी होतं, आणि त्याच्यापासून मेंदूला शांत करणारा जो पदार्थ तयार होतो तोही आटतो. म्हणून झोप हलकी होते, जराशा कारणाने मोडते. हे आपल्या हातात फारसं नाही. मोडलेली झोप परत लागते की नाही, यात मात्र आपल्याला बरंच करता येतं.

पाळी शेवटची येऊन सलग बारा महिने उलटले की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी. मी ४९ ची, अजून अधूनमधून येते. म्हणजे हे सगळं अजून काही काळ चालणार. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वारंवार वाफा येणाऱ्या निम्म्याहून अधिक बायकांना तो त्रास सात वर्षांहून जास्त काळ झालेला आढळला होता. हा आकडा वाचून मला उलट धीर आला. इतका काळ सोबत राहणाऱ्या गोष्टीशी घाईने लढण्यात अर्थ नाही, तिच्यासाठी घरातली घडी बसवायला हवी.

बुधवार

घडी बसवायची म्हणजे आधी झोपायची खोली. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. मी गादी खाली, मागच्या खोलीत आणली. तिला उत्तरेची खिडकी आहे. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्याची पद्धत आमच्याकडे जुनी, पण नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथे गच्चीवर मारायला कुठून आणणार? त्यापेक्षा खाली झोपणं सोपं.

सोलापुरी चादरीवर माझं फार प्रेम, माहेरहून आलेली अजून वापरते. पण ती जाड. वाफ आली की ती फेकून द्यावी लागते आणि नंतर काकडत परत ओढून घ्यावी लागते, या खटाटोपात झोप पार उडते. आता अंगावर एक जुनी सुती साडी दुहेरी करून घेते आणि पायाशी पातळ चादर. एक थर काढला, एक ठेवला, डोळे न उघडता. गाऊन सुती, सैल, आणि दुसरा गाऊन उशाशी घडी करून ठेवलेला. दिवा न लावता बदलता आला पाहिजे. दिव्याचा उजेड डोळ्यावर पडला की मेंदूला दिवस उगवल्यासारखं वाटतं.

मोबाइल बाहेरच्या खोलीत. भिंतीवरचं घड्याळही तिकडे नेलं. किती वाजले हे कळलं की आपण लगेच किती तास उरले याचं गणित मांडतो, आणि गणित मांडणारी बाई झोपत नाही.

शनिवार

आज अर्धी शाळा आणि घरी सगळी शांतता, म्हणून सविस्तर लिहिते.

पाचला उठण्याचं कारण. दिवसभर जागं राहिल्याने मेंदूत झोपेची गरज साठत जाते. रात्र वाईट गेली म्हणून आपण सकाळी आठपर्यंत लोळलो, किंवा दुपारी दोन तास पंख्याखाली झोपलो, की ही साठवण खर्च होते आणि पुढची रात्र आणखी फाटते. म्हणून उठायची वेळ एकच, रात्र कशीही जावो, रविवारसुद्धा. मी साडेदहाला अंथरुणावर जाते, त्याआधी नाही. नऊला पडून अकरापर्यंत तळमळण्यात काही हशील नाही.

दुसरी गोष्ट, सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी. जाग आली आणि परत झोप येईना तर अंथरुणात पडून राहायचं नाही. उठायचं, बाहेरच्या खोलीत मंद दिव्याशी बसायचं, काहीतरी कंटाळवाणं करायचं, डोळे जड झाले की परत जायचं. मी वाती वळते. कापूस हातात, डोकं रिकामं. अंथरूण म्हणजे झोप, एवढंच शरीराला कळावं, काळजी करण्याची जागा म्हणून कळू नये. पहिल्या आठवड्यात हे फार जिवावर येतं. दिवसा डोळे चुरचुरतात, फळ्याकडे तोंड करून जांभया द्याव्या लागतात. मग हळूहळू बाहेरचं बसणं आखूड होत जातं.

ही माझी कल्पना नव्हे. निद्रानाशासाठी गोळ्यांच्या आधी विचार आणि सवयी बदलण्याची ही पद्धत वापरावी, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुचवलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या वयातल्या, वाफा येणाऱ्या आणि झोप न लागणाऱ्या १०६ बायकांचा. त्यातल्या निम्म्यांना ही पद्धत फक्त फोनवरून शिकवली, आठ आठवड्यांत सहा वेळा. वाफांची संख्या तेवढीच राहिली, झोप मात्र चांगली सुधारली आणि वाफांचा जाच कमी वाटू लागला. डॉक्टरबाईंनी दोन गोष्टींचा वेगळा हिशेब ठेवायला का सांगितलं होतं, ते मला हे वाचून पुरतं पटलं.

योगासनांचंही तसंच. शाळेत सगळ्या म्हणतात, प्राणायाम कर, वाफा थांबतील. वाफांवर योगाचा ठळक परिणाम दिसलेला नाही, झोपेवर दिसला आहे. मी सूर्यास्ताच्या सुमाराला थोडी आसनं करते आणि शेवटी शवासन. त्यातून मला झोप मिळते, मला तेवढंच हवं आहे.

मंगळवार

सासूबाई आल्या आहेत, गावाहून. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, ये इकडे, पाय दे." त्यांच्या ट्रंकेत काशाची वाटी असतेच. तळव्याला चमचाभर तूप, आणि वाटीच्या बुडाने टाचेपासून बोटांपर्यंत गोल गोल घासायचं. थोड्या वेळाने तूप काळपट होतं, तळवा राखाडी दिसायला लागतो. "बघ, किती उष्णता होती अंगात," त्या म्हणाल्या. काळं पडतं ते काशातलं तांबं तुपाशी संयोग पावतं म्हणून. पण मी काही बोलले नाही, कारण त्यांच्या हातांनी जे चाललं होतं ते खरंच उपयोगी होतं. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की पाय गरम असतील तर झोप लवकर लागते. पायांच्या रक्तवाहिन्या उघडल्या की आतली उष्णता बाहेर पडते, गाभ्याचं तापमान उतरतं, आणि ते उतरणं हाच झोपेचा इशारा असतो. झोपण्याच्या तास-दोन तास आधी कोमट पाण्याने अंघोळ करण्यामागेही हेच. अगदी अंथरुणावर जाताना मात्र करू नये, अंग तापलेलंच राहतं.

सासूबाईंचं दुसरं औषध जायफळ. सहाणेवर दुधात दोन वळसे उगाळायचं, कपभर गरम दुधात घालायचं. मला ते आवडतं म्हणून घेते. दोन वळशांच्या पुढे जाऊ नये. जायफळ जास्त झालं तर छाती धडधडते, भ्रमसुद्धा होतो. लोक "नैसर्गिक आहे, काही होत नाही" म्हणतात तेव्हा मला काळजी वाटते. अश्वगंधेचंही तेच. आमच्या स्टाफरूममध्ये एकीने सुरू केली, तिला थायरॉइडची गोळी चालू आहे. अश्वगंधेने थायरॉइडचं प्रमाण बदलू शकतं, क्वचित यकृतालाही त्रास होतो. तिला म्हटलं, आधी डॉक्टरांना विचार, मग घे.

गुरुवार

जेवण. आमच्याकडे हे साडेनऊला येतात आणि मग सगळे एकत्र जेवायचो. भाकरी, शेंगाची चटणी, वर झणझणीत आमटी, आणि पोट भरलेलं असतानाच अंथरूण. तिखटाने माझ्या वाफा वाढतात हे मी दोन-तीनदा ताडून पाहिलं. आता मी साडेसातला जेवते. चटणी दुपारच्या जेवणात खाते, सोडलेली नाही. शेवटचा चहा दुपारी एकला, शाळेतून आल्यावर. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला पाचेक तास लागतात, म्हणजे पाचचा चहा रात्री दहालासुद्धा निम्मा शिल्लक असतो.

ह्यांना सांगितलं, तुम्ही आलात की तुमचं तुम्ही वाढून घ्या. पहिल्या दिवशी चेहरा जरा पडला. आता स्वतः आमटी गरम करून घेतात, ताट धुऊनही ठेवतात. पाण्याचंही काम त्यांनीच घेतलं. नळाला पाणी येतं त्या दिवशी ते रात्री कधी येईल याचा नेम नाही, आणि मोटार लावायला वर्षानुवर्षं मीच उठत आले. मी कितीही शिस्तीने झोपले तरी दोनला मोटार लावायची असेल तर ती शिस्त काय कामाची? झोपेचा सल्ला देणारे सगळे त्या बाईलाच सल्ला देतात. तो घरातल्या बाकीच्यांनाही द्यायला हवा.

रविवार

कालपासून एक चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. आमच्या शाळेत हंगामात ऊसतोड कामगारांची मुलं येतात, बीडकडची बरीच. कारखान्याचा पट्टा पडत आला, म्हणजे हंगाम संपत आला, काल एक आई दाखला न्यायला आली होती. वय विचारलं तर पस्तीस-छत्तीस. तिला घाम फुटला होता, पदराने वारा घेत होती. मी पाणी दिलं. म्हणाली, "पिशवी काढल्यापासून अंगातून जाळ निघतोय बाई, रातभर कोपीत बसूनच राहते." आणि पहाटे तीनला गाडी भरायला उठायचं.

२०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेली पाहणी मला आठवली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली. बीजकोशही, म्हणजे अंडाशयही, काढले असतील तर त्याच दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते, एकदम आणि तीव्र. बीजकोश ठेवले तरी ती लवकर येण्याची शक्यता वाढते. मी तिला उत्तरेची खिडकी आणि साडेसातचं जेवण काय सांगणार होते? एवढंच सांगितलं की हे वेड नाही, भानामती नाही, शरीरातलं एक द्रव्य अचानक कमी झालंय, आणि त्यावर औषध असतं. इतक्या कमी वयात पाळी गेली तर हाडांसाठी आणि हृदयासाठीही डॉक्टर हार्मोनचा विचार करतात. गावी गेल्यावर सरकारी दवाखान्यात काय काय विचारायचं ते मुलाच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं. मुलगा वाचून दाखवीन म्हणाला. चौथीत आहे, वाचतो छान.

मंगळवार

रात्री दोनदा वाफ आली. पहिलीनंतर परत झोपले, दुसरीनंतर बाहेर थोडा वेळ वाती वळल्या आणि झोपले.

पण एक गोष्ट राहिली होती ती आज केली. हे म्हणतात मी हल्ली घोरते, आणि संध्याकाळी पायांत वळवळ होते, पाय हलवत राहावंसं वाटतं. पाळी जाण्याच्या काळात बायकांमध्ये झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण वाढतं. मोठ्याने घोरणं, गुदमरून जाग येणं, सकाळी डोकं जड असणं ही त्याची खूण, आणि त्यावर वाती किंवा तूप चालत नाही, तपासणी लागते. पायांची वळवळ बऱ्याचदा लोह कमी पडल्याने होते. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी आहे, आणि या वयात कधी कधी अंगावरून फार जातं तेव्हा ते आणखी उतरतं. डॉक्टरबाईंनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह कळतं ती तपासणी) आणि थायरॉइड लिहून दिलं. शाळा सुटल्यावर रक्त देऊन आले. रिपोर्ट परवा संध्याकाळी मिळेल, तो घेऊन शुक्रवारी त्यांच्याकडे जायचं आहे. स्टाफरूममधली अश्वगंधावालीही सोबत येते म्हणाली.